बुडत्याला उलांडीचा आधार

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, मालवणजवळ देवबागच्या संगमापाशी, दोन मच्छीमारांनी मला काखेत धरून त्यांच्या होडीत ओढून घेतलं. आत जाळं होतं, त्यावर मी पालथी पडले. जाळ्यात आधीच दोन-चार बांगडे होते. एक जण दुसऱ्याला म्हणाला, "ही कॉलेजातली बाई ना रे?" मी कुडाळच्या एका ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते. त्या दोघांपैकी एकाच्या मुलीला मी प्लवनशक्तीचा धडा शिकवला होता, हे नंतर कळलं.

पाण्यात पडले याची लाज वाटली नाही. पडायचंच असतं. लाज वाटली ती याची की कायाक, म्हणजे माझी वल्हवायची अरुंद होडी, हाताशी होती, वल्हं हाताशी होतं, पाणी कोमट होतं, मला पोहता येतं, आणि तरी सात वेळा प्रयत्न करून मला त्या कायाकमध्ये परत चढता आलं नाही. सहाव्या वेळेनंतर हात असे थरथरायला लागले की वल्ह्याची मूठही आवळता येईना.

ज्यांनी फक्त किनाऱ्यावरच्या त्या प्लास्टिकच्या, वर बसायच्या उघड्या कायाक पाहिल्या आहेत, त्यांच्यासाठी थोडं सांगते. त्यातून पडलात तर उलटलेली कायाक सुलटी करायची, पोटावर सरकत चढायचं, झालं. तिच्यात पाणी साठत नाही. माझी वेगळी आहे. गोव्यातल्या एका गृहस्थांकडून वापरलेली घेतली. १६ फूट लांब, २२ इंच रुंद, वरून बंद, मधे बसायला कॉकपिट. त्याच्या पुढे-मागे आडव्या भिंती घातलेले दोन बंद कप्पे, झाकणं लावलेले. लांब जायला ही फार गोड. सरळ धावते, वाऱ्याला जुमानत नाही. पण उलटली की कॉकपिट भरतं, आणि मग ती गोड राहत नाही.

लोक विचारतात, वल्हवायला किती दिवसांत शिकलात? दोन दिवसांत. खोल पाण्यातून परत चढायला आठ महिने. माझं आता असं मत झालंय की हे शिकवणं उलट्या क्रमानं व्हायला हवं. मला ज्यांनी शिकवलं त्यांनी पहिल्या दिवशी पुढे कसं वल्हवायचं, वळायचं कसं, थांबायचं कसं, सगळं दाखवलं. पडल्यावर काय, म्हणून विचारलं तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही पडणार नाही." मीही खूश झाले!

त्या दिवशी पडले ती पर्यटकांच्या एका वेगवान बोटीच्या लाटेनं. संगमापाशी कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे ओहोटीला पाणी बाहेर पळत असतं आणि समोरून लाट येते. दोन्ही भिडतात तिथे पाणी नुसतं उकळल्यासारखं होतं. त्यात तिसरी लाट बाजूनं आली. सकाळची वेळ, मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे. म्हणजे प्रवाह बाहेर, वाराही बाहेर. एवढं फिजिक्स मला आधी सुचायला हवं होतं.

माझे काका ८० च्या घरातले. आयुष्य रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीत गेलं. त्यांना दुपारीच कळलं होतं, देवबाग म्हणजे नदी आणि समुद्राच्या मधली एक चिंचोळी पट्टी, तिथे बातमीला जायला दुसरी जागाच नाही. मी घरी गेले तेव्हा ते ओटीवर बसले होते. ओरडले नाहीत. म्हणाले, "होडी खय असा?" कायाक मागच्या अंगणात माडाला टेकवून ठेवली होती. त्यांनी तिला वरून खालपर्यंत हात लावून बघितलं, मग मागचं टोक उचललं आणि हलवलं. आतून खळखळ आवाज आला.

मागच्या बंद कप्प्यात पाणी होतं. झाकण उघडून उपसलं तर पाऊण बादलीच्या वर. आडव्या भिंतीच्या कडेचा चिकटपट्टा एका ठिकाणी सुटला होता आणि कॉकपिटमधलं पाणी तिथून मागे गेलं होतं. म्हणजे मी जिच्यावर चढायला बघत होते तिचं मागचं टोक पाण्याखाली होतं, आणि दर प्रयत्नागणिक ते आणखी खाली जात होतं. सातव्या वेळी तर मी जवळजवळ पाणबुडीवर चढत होते.

तेव्हापासून एक सवय आहे. मोसमाच्या सुरुवातीला कायाक अंगणात दोन टायरांवर ठेवायची, विहिरीचं पाणी बादलीनं एकेका कप्प्यात ओतायचं आणि अर्धा तास बघत बसायचं की कॉकपिटमध्ये काही झिरपतंय का. काकी म्हणते, होडीत पाणी भरणारी पहिलीच बाई बघितली.

मग शिकायला लागले. व्हिडिओ बघून, आणि सावंतवाडीच्या माझ्या एका मैत्रिणीबरोबर, जिच्याकडे अशीच दुसरी कायाक आहे. एकटीनं चढायची जी पद्धत सगळीकडे दाखवतात तिला एक पिशवी लागते. वल्ह्याच्या एका पात्यावर चढवून फुगवायची. मग वल्हं कायाकला आडवं ठेवायचं, एक पातं कॉकपिटच्या मागे डेकवर, म्हणजे होडीच्या पाठीवर, दुसरं पिशवीसकट लांब पाण्यावर. ती पिशवी इथे मिळेना. मी जुगाड केला: गोडेतेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन, झाकण घट्ट, सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी पात्याला बांधलेला.

खाडीच्या बाजूला, काका धक्क्यावर उकिडवे बसलेले, चुलतभाऊ होडी घेऊन जवळ. मी मुद्दाम उलटले, कायाक सुलटी केली, वल्हं आडवं टाकलं. काकांनी हात कपाळाला लावून बघितलं आणि हसायला लागले. "अगो, ही तर उलांडी! ह्येच्यात नवीन ता काय?"

तोवर मला ते दिसलंच नव्हतं. लहानपणापासून उलांडीच्या होड्या बघितल्या आहेत. अरुंद होडी, तिच्या एका बाजूला दोन आडव्या काठ्या आणि काठ्यांच्या टोकाला पाण्यावर तरंगणारा लाकडाचा ओंडका. होडी त्या बाजूला कलली की ओंडका पाण्यात दबतो आणि तिला परत वर लोटतो. हेच वल्हं, हाच कॅन. परदेशी व्हिडिओतली माणसं मला तासभर जे समजावत होती ते काकांनी एका शब्दात सांगितलं.

पण पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं होतं. "ओंडको जड असता. तुझो कॅन हलको. दुसऱ्या बाजूक गेलंस तर तुझी उलांडी हवेत."

खऱ्या उलांडीचा ओंडका दोन्हीकडे काम करतो. त्याच्याकडे कललात तर तरंगून वर लोटतो, उलट बाजूला कललात तर त्याचं वजन तुम्हाला परत खेचतं. पिशवीला वजनच नाही. ती एकाच बाजूनं खरी. म्हणून चढताना, आत पाय घालताना, वळताना, अंगाचा भार सतत तिच्याकडे हवा. इथेच बहुतेक जण दुसऱ्यांदा पडतात. चढणं जमतं, हुश्श होतं, सरळ बसायला जातात, आणि उलट बाजूनं पुन्हा पाण्यात.

त्या दिवशी मी मात्र चढतानाच पडले, आणि ते का, हे घरी कागदावर मांडलं. पाच लिटरचा कॅन पूर्ण पाण्याखाली दाबला तर जास्तीत जास्त पाच किलो उचलणार. कायाकच्या मधल्या रेषेपासून तो साधारण दीड मीटरवर. पाच गुणिले दीड, म्हणजे साडेसात. माझं वजन ७१. साडेसातला ७१ नं भागलं तर साधारण साडेदहा सेंटिमीटर. होडीचा स्वतःचा तोल सोडला, तर माझा भार मध्यापासून साडेदहा सेंटिमीटरच्या पलीकडे गेला की कॅन बुडालाच. कायाकची कडाच मध्यापासून २८ सेंटिमीटरवर आहे. अर्धं अंग पाण्यात असेपर्यंत पाणी काही भार घेतं, पण जसजशी वर याल तसतसा सगळा कॅनवर. हे गणित मी बारावीच्या वर्गात घातलं. एका मुलानं उत्तर काढून विचारलं, "मॅडम, मग वजन कमी करायचं की कॅन मोठा घ्यायचा?" मी मोठी पिशवी मागवली. एका ओळखीच्यांनी बंगळुरूहून आणली, दोन कप्प्यांची, म्हणजे एक फुटला तरी दुसरा राहतो.

आता मी कशी चढते ते सांगते, कारण हे वाचून कुणीतरी मला पत्ता विचारण्याआधी हेच विचारेल.

उलटल्यावर पहिलं काम डोकं गुडघ्यांकडे नेणं. कॉकपिटवर ताणून बसवलेल्या रबरी स्कर्टला पुढे एक पट्टी असते, ती ओढायची. पट्टी आत दुमडून बसवली असेल तर ती सापडणार नाही. म्हणून निघण्याआधी ती बाहेर आहे हे मी हात लावून बघते, मग मैत्रिणीला बघायला लावते. पट्टी ओढली की दोन्ही हात कंबरेच्या बाजूला कडेवर, आणि पँट उतरवावी तशी होडी अंगावरून उतरवायची. वर येताना एक हात होडीवरच. वाऱ्यात रिकामी कायाक पोहणाऱ्या माणसाच्या पुढे निघून जाते, तिच्यामागे धावून ती सापडत नाही. वल्हं सुटलं तर सुटू दे, होडी नाही.

मग पिशवी. ती फुगवायला दोन हात लागतात, आणि होडीही धरायला हवी. यावर उपाय मैत्रिणीला सापडला: उताणं होऊन एक पाय कॉकपिटमध्ये अडकवायचा. पाय होडी धरतो, हात मोकळे. पाण्यात पडून फुगे फुगवायला श्वास पुरत नाही, थांबत थांबत फुगवते. मग होडी सुलटी करायची, एकाच झटक्यात, कडा वर उचलून, म्हणजे कमी पाणी आत येतं. हळूहळू सुलटी केलीत तर ती पाणी पीत पीत वळते.

वल्हं कॉकपिटच्या मागे आडवं. मी त्याच्या मागच्या बाजूला, होडीच्या शेपटीकडे. एका हातात वल्ह्याचा दांडा आणि कॉकपिटची कडा एकत्र आवळलेली.

आणि इथे माझी जुनी चूक. मी पोहण्याच्या तलावाच्या काठावर चढतात तशी चढायला जात होते, पाय खाली लोंबत, हातांनी स्वतःला वर उचलत. पन्नाशीला आलेल्या बाईच्या हातात ते बळ नाही, आणि ते नसलं तरी चालतं. आधी पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणायचे. आडवं व्हायचं. जोरात लाथा मारायच्या. शरीर आडवं असलं की तुम्हाला वर चढायचं नसतं, पुढे सरकायचं असतं, पाल भिंतीवर सरकते तसं. छाती डेकवर येते, मग पोट. कुणी विचारलं सगळ्यात महत्त्वाचं काय, तर हेच. सात वेळा मी जे करत होते ते उंच उडीसारखं होतं, करायचं होतं ते सरपटणं.

पोटावर पालथं, तोंड होडीच्या शेपटीकडे. पाण्याजवळचा पाय वल्ह्याच्या दांड्यावर, दुसरा कॉकपिटमध्ये. मग पहिलाही आत. आता मी माझ्याच होडीत उलटी पालथी झोपलेली असते, ढुंगण वर. लाइफ जॅकेटही इथेच त्रास देतं. फेरीबोटीवर देतात ती जाड नारिंगी जॅकेटं पुढून फुगीर, कडेला अडकतात. छातीवर सपाट आणि कंबरेपर्यंत आखूड असलेलं वेगळं घ्यावं लागलं. महाग आहे. घ्या.

मग वळणं. काकांचं वाक्य इथलं: "नजर उलांडयेर ठेव." पिशवीकडे तोंड करून वळायचं, तिच्याकडे बघत बघत, बसेपर्यंत. डोकं तिकडे तर खांदा तिकडे, खांदा तिकडे तर भार तिकडे. मी आधी आकाशाकडे बघत वळायचे.

बसलात म्हणजे संपलं नाही. कॉकपिट काठोकाठ भरलेलं असतं. पाण्यानं भरलेली परात दोन्ही हातांनी उचलून चालून बघा. जरा कलली की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि ती आणखी कलते. तशी होडी. म्हणून पिशवी लगेच काढायची नाही. वल्हं तसंच आडवं, एक कोपर त्यावर, दुसऱ्या हातानं उपसायचं. मी एकदा मोजलं, ३८ फेरे. दर फेरीला दोन लिटर धरले तरी ७६ लिटर, म्हणजे ७६ किलो. माझ्यापेक्षा जड पाणी माझ्या मांडीवर बसलेलं होतं.

दोघी असलो की हे सगळं फार सोपं होतं. मैत्रीण माझ्या उलट्या कायाकची नाळ, म्हणजे पुढचं टोक, स्वतःच्या डेकवर आडवी ओढून घेते. नाळ वर गेली की कॉकपिटमधलं पाणी आपोआप गळून जातं, कारण मागची भिंत बसायच्या जागेच्या लगेच मागे आहे. ती होडी सुलटी करून आपल्या शेजारी उलट तोंडानं लावते, तिच्यावर अंग टाकून आवळून धरते, आणि मी निवांत चढते. दोन मिनिटांचं काम. एकटीला मला अजून सात-आठ मिनिटं लागतात.

सात-आठ मिनिटं आमच्या पाण्यात चालतात. माझा भाचा सिएटलजवळ राहतो, तिथेही लोक कायाक घेऊन हिंडतात, आणि तिथल्या खाडीचं पाणी उन्हाळ्यातही १३-१४ अंशांच्या आसपास. तिकडे १-१०-१ असा एक हिशेब शिकवतात: पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची १० मिनिटं हातपाय नीट चालतात, आणि थंडीनं शुद्ध हरपायला साधारण १ तास. अगदी गार पाण्याचा हा हिशेब. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी तो लोकांपर्यंत नेला. भाच्याला मी म्हटलं, मला जितका वेळ लागतो तितक्यात तुझी बोटं संपत आलेली असतील, आधी तो अंग कोरडं ठेवणारा सूट घे.

खोल पाण्यात कायाक उतरवण्याबद्दलही लिहायचं होतं. किनाऱ्यावर लाट फुटत असली की आम्ही दोन्ही कायाक चुलतभावाच्या होडीवर टाकून खाडीत दहा-बारा फूट पाण्यात नेतो. पहिल्यांदा मी होडीच्या काठावरून थेट कायाकमध्ये उतरायला गेले. एक पाय आत, एक काठावर, मधली फट रुंदावत गेली, आणि मी दोन्हींच्या मधे. डोकं आपटलं नाही हे नशीब. धक्क्यावरूनही तेच, शिवाय ओहोटीला धक्का उंच होतो आणि खांबांवर कालवं असतात, ती ब्लेडसारखी कापतात.

आता मी तसं उतरतच नाही. इंजिन बंद, किल्ली चुलतभावाच्या खिशात. नांगर टाकलेला. कायाक सुलटी पाण्यात, तिच्या नाळेचा दोर एका ओढीत सुटेल अशा गाठीनं बांधलेला आणि दोराचं टोक पंख्यापासून लांब. मग मी पाण्यात उडी मारते आणि पाण्यातून चढते. रिकामी, कोरडी कायाक, भरलेलीपेक्षा कितीतरी सोपी. चुलतभावाला ही पद्धत अजून वेडेपणाची वाटते. पण उंचावरून डुगडुगत्या वस्तूत उतरण्यापेक्षा खालून तिच्यावर सरपटणं केव्हाही बरं, आणि शिवाय दिवसाची सुरुवातच सरावानं होते. ज्या दिवशी सकाळी चढायला जमत नाही त्या दिवशी मी लांब जात नाही. फार तर धक्क्यापर्यंत.

सराव भरती चढत असतानाच. म्हणजे काही बिनसलं तर पाणी मला खाडीत नेईल, समुद्रात नाही. काका तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात: द्वादशी असेल तर बारा पाऊणे नऊ, म्हणजे नऊच्या सुमाराला पूर्ण भरती. मी मोबाइलवरच्या तक्त्याशी ताडून बघते, आमच्याकडे थोडं मागेपुढे होतं, पण त्या हिशेबानं निघालं की चुकत नाही. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा आम्हीही बंद. नारळी पौर्णिमेला मच्छीमार नारळ सोडतात, मी मात्र पाणी निवळेपर्यंत, ऑक्टोबरपर्यंत थांबते.

पिशवीशिवाय, घोड्यावर बसल्यासारखं मागून टांग टाकून कॉकपिटपर्यंत सरकत यायची एक पद्धत आहे. ती मला दहातून चार वेळा जमते. सपाट पाण्यात. मैत्रिणीला दहातून नऊ, ती माझ्याहून बारा किलोंनी हलकी आहे आणि हे ती विसरू देत नाही.

पाच लिटरचा तो तेलाचा कॅन टाकला नाही. काकांनी कोयत्यानं त्याचं तिरकं तोंड कापलं, मुठीला सुतळी बांधली. आता तो पाणी उपसायला. ३८ फेरे त्यानंच मोजले.